थांबलेल्या कर्नलचा पंचनामा

समजा, एका छोट्या कंट्रोलर बोर्डावर सात टास्क, म्हणजे आळीपाळीने चालणारी सात कामं, चालू आहेत आणि त्यातला एक अचानक गप्प झाला. दिवा लुकलुकतोय, म्हणजे सगळंच मेलेलं नाही. पण सेन्सरचा डेटा यायचा थांबलाय. बोर्डाला पडदा नाही, कीबोर्ड नाही. आहे ती एक केबल, तिच्या दुसऱ्या टोकाला तुमचा लॅपटॉप आणि त्यावर डीबगर, म्हणजे चालू प्रोग्राम थांबवून आत डोकावायचं साधन. तुम्ही प्रोसेसर थांबवता. डीबगर प्रामाणिकपणे सांगतो की प्रोसेसर अमुक पत्त्यावर, आयडल टास्कमध्ये (दुसरं काही काम नसताना चालणाऱ्या टास्कमध्ये) उभा आहे. म्हणजे काहीच कळलं नाही. तुम्हाला विचारायचं होतं ते वेगळंच. टास्क एकूण किती आहेत? गप्प झालेला कशाची वाट बघतोय? आणि तो ज्या कुलुपापाशी अडलाय, त्याची किल्ली कोणाकडे आहे?

हे तिन्ही प्रश्न कर्नलच्या, म्हणजे टास्कना प्रोसेसर वाटून देणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, ऑब्जेक्टबद्दलचे आहेत. टास्क, म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप), सेमाफोर (मोजून परवाने देणारी खूण), क्यू (डेटाची रांग), टायमर, उघडलेली फाइल या साऱ्या कर्नलने आपल्या हिशेबासाठी मेमरीत मांडलेल्या नोंदी. गंमत अशी की डीबगरला यातला एकही शब्द मुळात ठाऊक नसतो. त्याला दोनच गोष्टी कळतात, रजिस्टर (प्रोसेसरच्या आतले छोटे कप्पे) आणि मेमरीतले बाइट. ‘टास्क’ हा त्या बाइटांचा लावलेला अर्थ आहे. तो अर्थ कोण लावतं आणि कशाच्या भरवशावर, एवढं कळलं की हा विषय निम्मा सुटतो.

माहिती काढायचे रस्ते दोन. कर्नल जिवंत असेल तर त्यालाच विचारायचं, ही झाली जबानी. किंवा कर्नल थांबवायचा, त्याच्या मेमरीत काय कुठे पडलंय ते जसंच्या तसं वाचायचं आणि त्यावरून निष्कर्ष काढायचा, हा पंचनामा. दोन्ही उत्तरं पडद्यावर एकाच तऱ्हेच्या तक्त्यात दिसतात, त्यामुळे त्यांत गल्लत होते. माझ्या मते या कामातल्या निम्म्या चुकांचं मूळ तिथेच आहे.

केबलवरून नेमकं काय जातं

जीडीबी हा डीबगर दूरच्या यंत्राशी ज्या भाषेत बोलतो तिला रिमोट सिरियल प्रोटोकॉल म्हणतात. भाषा अगदी साधी आहे. आधी डॉलरचं चिन्ह, मग मजकूर, मग हॅशचं चिन्ह आणि शेवटी दोन हेक्स अंकांचा चेकसम, म्हणजे मजकूर वाटेत बिघडला नाही ना हे तपासायची बेरीज. रजिस्टर मागायची असतील तर मजकूर म्हणजे फक्त ‘जी’ हे एक अक्षर. त्याचा आस्की कोड हेक्समध्ये ६७, आणि अक्षर एकच असल्याने चेकसमही ६७. मेमरी हवी असेल तर ‘एम’, पत्ता आणि लांबी. पलीकडे बसून ही पत्रं वाचणाऱ्या प्रोग्रामला स्टब म्हणतात. तो लिनक्स कर्नलमध्येच असू शकतो (२००८ साली २.६.२६ या आवृत्तीपासून केजीडीबी मूळ कर्नलमध्ये आलं), क्यूईएमयूसारख्या एम्युलेटरमध्ये (यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) असू शकतो, किंवा डीबग प्रोबमागे (चिपला जोडायच्या उपकरणामागे) बसलेल्या ओपनओसीडीसारख्या प्रोग्राममध्ये.

या भाषेत थ्रेडची (जीडीबी टास्कला थ्रेड म्हणतो) यादी मागायची सोय आहे, थ्रेडबद्दल चार शब्दांची जादा माहिती मागायचीही आहे. म्युटेक्ससाठी मात्र शब्दच नाही. आणि थ्रेडची यादी तरी स्टब कुठून आणणार? केजीडीबी कर्नलच्या आतच राहतो, त्याला घरातली माणसं ठाऊक असतात. ओपनओसीडी बाहेरचा. त्याच्यासमोर फक्त एक चिप आणि तिची मेमरी असते. मग तो पंचनामा करतो. तो कसा, हे फ्रीआरटीओएस या छोट्या बोर्डांसाठीच्या कर्नलचं उदाहरण घेऊन सविस्तर बघण्यासारखं आहे.

बाइटांमधून टास्क कसा उभा राहतो

फ्रीआरटीओएसमध्ये प्रत्येक टास्कची एक नोंद असते, तिला टीसीबी म्हणतात. तयार असलेले टास्क प्राधान्यक्रमानुसार वेगवेगळ्या याद्यांमध्ये, झोपलेले उशीर-यादीत, स्थगित असलेले आणखी एका यादीत. या याद्या ज्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये आहेत त्यांचे पत्ते मिळाले की धागा हाती लागला.

पत्ते असतात जीडीबीकडे, कारण प्रोग्रामची सिम्बॉल (व्हेरिएबल-फंक्शनांची नावं आणि त्यांचे पत्ते) असलेली फाइल लॅपटॉपवर आहे. गरज आहे ओपनओसीडीला. म्हणून इथे एक उलटी देवाणघेवाण होते. एरवी जीडीबी विचारतो आणि स्टब उत्तर देतो. पण सिम्बॉलच्या बाबतीत स्टब म्हणतो, ‘मला या नावाचा पत्ता हवाय,’ जीडीबी तो देतो, स्टब पुढचं नाव विचारतो, आणि लागणारी सगळी नावं संपेपर्यंत हे चालतं.

आता पत्ता मिळाला. यादीतल्या एका दुव्यावरून टीसीबीचा पत्ता कळला. टास्कचं नाव टीसीबीत कुठे आहे? इथे हिशेब करावा लागतो. ३२ बिटांच्या मायक्रोकंट्रोलरवर, जादा पर्याय बंद असताना, सुरुवातीला स्टॅकच्या (टास्कचा तात्पुरता डेटा रचायच्या जागेच्या) टोकाचा पत्ता, ४ बाइट. मग यादीत ओवण्यासाठीचे दोन दुवे. प्रत्येक दुव्यात किंमत, पुढचा, मागचा, मालक आणि ‘मी कुठल्या यादीत आहे’ असे पाच शब्द (इथे एक शब्द म्हणजे ४ बाइट), म्हणजे २० बाइट. दोन दुव्यांचे ४०. मग प्राधान्य ४ बाइट आणि स्टॅकच्या बुडाचा पत्ता ४ बाइट. बेरीज ५२. नाव ५२व्या बाइटपासून सुरू होतं, आणि ओपनओसीडीच्या फ्रीआरटीओएसविषयक कोडमध्ये हाच ५२ आकडा चक्क लिहून ठेवलेला आहे.

लिहून ठेवलेला म्हणजे ठोकून बसवलेला. तुम्ही मेमरी-संरक्षणाचा पर्याय चालू केलात किंवा याद्यांच्या शाबुतीची तपासणी करणारे जादा शब्द चालू केलेत, की टीसीबीचा आकार बदलतो, नाव पुढे सरकतं आणि डीबगर मात्र ५२ वरच वाचत बसतो. मग टास्कच्या नावांच्या जागी कचरा दिसतो. नवखा माणूस मेमरी खराब झाली असं समजून रात्र घालवतो. मीही एक घालवली आहे.

याहून मासलेवाईक किस्सा एका व्हेरिएबलचा आहे. तयार टास्कच्या याद्या किती, हे कळायला ओपनओसीडी फ्रीआरटीओएसमधलं सर्वोच्च प्राधान्य सांगणारं एक व्हेरिएबल वाचत असे. ७.५.३ या आवृत्तीपासून कर्नलकर्त्यांनी ते काढून टाकलं, कारण कर्नलला स्वतःला त्याची गरज उरली नव्हती. डीबगरला होती! तोडगा असा निघाला की ते व्हेरिएबल तुम्हीच आपल्या प्रोग्राममध्ये घोषित करायचं आणि ‘कोणी वापरत नसलं तरी हे फेकू नकोस’ असं लिंकरला, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे जोडणाऱ्या साधनाला, बजावायचं. ओपनओसीडीसोबत त्यासाठी तयार फाइलही मिळते. कर्नलच्या दृष्टीने अडगळ असलेली चार बाइटं केवळ बाहेरच्या पाहुण्यासाठी जपायची, असा हा मामला.

झेफर या कर्नलने यातून शहाणपणाचा मार्ग काढला. डीबगची सोय चालू केली की कर्नलच्या आतच एक छोटा तक्ता तयार होतो. कुठलं क्षेत्र कितव्या बाइटवर आहे ते त्यात लिहिलेलं असतं, आणि तक्त्याचा स्वतःचा आवृत्ती-क्रमांकही. डीबगरने आधी तो तक्ता वाचायचा, मग पुढे जायचं. आकडे पाठ करण्यापेक्षा घरमालकाने दाराशी लावलेला नकाशा बघावा, हे केव्हाही बरं.

एक गोष्ट राहिली. जो टास्क या क्षणी प्रोसेसरवर नाही, त्याची रजिस्टर डीबगर कुठून दाखवतो? त्याच्या स्टॅकवरून. टास्क बदलताना कर्नलने ती तिथे ठेवलेली असतात. कॉर्टेक्स-एम प्रोसेसर स्वतः आठ शब्द ढकलतो, म्हणजे ३२ बाइट, आणि उरलेली रजिस्टर कर्नल ठेवतो. टास्कने दशांश गणिताचं युनिट वापरलं असेल तर हार्डवेअरची ही जागा २६ शब्दांची, म्हणजे १०४ बाइटांची होते. ही तफावत डीबगरने ओळखली नाही तर त्या टास्कचा कॉल स्टॅक (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं ती साखळी) सरळ कल्पित कथा होतो. वाचायला छान, पण घडलेलं काही नाही.

लिनक्समध्ये अर्थ लावण्याचं काम लॅपटॉपकडे येतं

लिनक्सच्या टास्क-नोंदीत शेकडो क्षेत्रं आहेत आणि कर्नल बांधताना निवडलेल्या पर्यायांनुसार त्यांच्या जागा बदलतात. इथे आकडे पाठ करणं अशक्य. म्हणून काम उलट्या बाजूला नेलेलं आहे. स्टब मख्ख राहतो, फक्त बाइट देतो. अर्थ लावतात लॅपटॉपवरच्या पायथन स्क्रिप्ट, ज्या कर्नलच्या सोर्ससोबतच मिळतात. कुठलं क्षेत्र कुठे आहे ही माहिती कंपायलरने डीबग माहितीसह बांधलेल्या कर्नल-फाइलमधून येते. ‘एलएक्स-पीएस’ म्हटलं की प्रोसेसची यादी, ‘एलएक्स-डीमेसेज’ म्हटलं की कर्नलच्या संदेशांचा साठा, तोही कर्नल पूर्ण गारठलेला असताना.

लिनक्सची यादी ओवण्याची तऱ्हा थोडी चमत्कारिक आहे. फ्रीआरटीओएसच्या दुव्यात ‘माझा मालक कोण’ हे लिहिलेलं असतं. लिनक्समध्ये नसतं. दुवा नोंदीच्या पोटात कुठेतरी मध्येच बसवलेला असतो आणि तो पुढच्या नोंदीच्या पोटातल्या दुव्याकडे बोट दाखवतो. म्हणजे हाती लागतो तो पत्ता नोंदीच्या मधला. दुवा सुरुवातीपासून किती बाइटांवर आहे ते वजा केलं की नोंदीचा आरंभ सापडतो. स्क्रिप्ट पहिल्या टास्कपासून निघते, प्रत्येक पावलाला ही वजाबाकी करते आणि फिरून पहिल्यावर आली की थांबते.

यात फसवणूक एकाच ठिकाणी होते, पण ती हमखास. लॅपटॉपवरची कर्नल-फाइल आणि यंत्रावर चालू असलेला कर्नल एकाच बांधणीचे हवेत. एक पर्याय बदलून पुन्हा बांधलेली फाइल दिलीत तर स्क्रिप्ट तक्रार करत नाही. ती निमूटपणे चुकीच्या जागी वाचते. शिवाय कर्नल सुरू होताना स्वतःला मेमरीत यादृच्छिक ठिकाणी ठेवतो, त्याने सगळेच पत्ते सरकतात. प्रयोगाच्या यंत्रावर ‘नोकेएएसएलआर’ हा बूट पर्याय देऊन तो खेळ बंद करणं सोपं पडतं. पहिली खूण म्हणून मी नेहमी पहिल्या टास्कचं नाव वाचून बघतो. ते नीट आलं तरच पुढे.

वेगाचाही विचार करावा लागतो. १,१५,२०० बॉडच्या सिरियल तारेवरून सेकंदाला जेमतेम ११,५२० अक्षरं जातात आणि मेमरीचा प्रत्येक बाइट दोन हेक्स अक्षरं होऊन येतो. समजा टास्कची नोंद ८ किलोबाइटची आहे आणि टास्क २०० आहेत. नोंदी आख्ख्या मागवल्या तर पावणेपाच मिनिटं लागतील. तुम्हाला हवा असतो क्रमांक, १६ बाइटांचं नाव आणि पुढच्याचा पत्ता. तेवढंच मागितलं तर काम काही सेकंदांचं. म्हणून स्वतःची स्क्रिप्ट लिहिताना ‘आधी सगळं आणू, मग बघू’ ही सवय सोडून द्यावी.

विंडोजकडे हीच कल्पना वेगळ्या पोशाखात आहे. विनडीबीजी हा डीबगर दुसऱ्या यंत्रावरून जोडायचा, मायक्रोसॉफ्टच्या सिम्बॉल सर्व्हरवरून नेमक्या त्याच बांधणीची सिम्बॉल आणायची आणि एका आज्ञेत सगळ्या प्रोसेसची यादी घ्यायची. यादी मिळते ती प्रोसेसच्या नोंदींच्या साखळीवरून. काही मालवेअर याच साखळीतून स्वतःची कडी निखळवून घेतात. यादीत नाव नाही, पण थ्रेड मजेत चालू. त्यांना पकडायला मग साखळी सोडून संपूर्ण मेमरी चाळावी लागते आणि कर्नल प्रत्येक तुकड्याला लावतो ती चार अक्षरी खूणचिठ्ठी शोधावी लागते. याद्यांवर विसंबलेल्या पंचनाम्यात, जो यादीत नाही तो नाहीच.

जबानी घ्यायची सोय

लिनक्सवर जीडीबीसर्व्हर (साध्या प्रोग्रामसाठीचा स्टब) चालवून एखादा साधा प्रोग्राम दुरून तपासत असाल तर कर्नल थांबलेला नसतो. तेव्हा जीडीबीची ‘इन्फो ओएस’ ही आज्ञा उपयोगी पडते. प्रोसेस, थ्रेड, उघड्या फाइली, सॉकेट, सामायिक मेमरी, सेमाफोर, संदेशांच्या रांगा, कर्नल मॉड्यूल यांचे तक्ते ती देते. दूरचा सर्व्हर ही माहिती चालू कर्नलकडून मिळवतो, एक्सएमएलमध्ये गुंडाळून पाठवतो, आणि जीडीबी ती रांगा-रकान्यांत मांडतो. रकान्यांची नावंही सर्व्हरच सांगतो, त्यामुळे जीडीबीला त्या कर्नलबद्दल काही ठाऊक असावं लागत नाही.

उत्तर विश्वासार्ह, कारण कर्नलने स्वतःची कुलपं पाळून दिलेलं. पण तुम्ही थांबवलाय तो फक्त तुमचा प्रोग्राम. बाकी जग चालूच आहे, आणि तक्ता वाचून होईपर्यंत त्यातल्या दोन प्रोसेस संपलेल्याही असू शकतात.

थांबवलेल्या कर्नलची अडचण याच्या नेमकी उलट. काहीच हलत नाही, पण तो कुठल्या क्षणी थांबला यावर आपला ताबा नसतो. यादीत नवा दुवा जोडण्याच्या दोन सूचनांच्या मधोमध थांबला तर पुढची दिशा बरोबर आणि मागची चुकीची. म्हणून यादी चालताना पावलं मोजावीत. कर्नलच्या म्हणण्यानुसार टास्क सात असतील आणि आपण आठव्यावर आलो, तर थांबून विचार करावा. बिघडलेल्या यादीत गोल गोल फिरणारा डीबगर हे फार केविलवाणं दृश्य असतं. आणि थांबलेल्या कर्नलचं फंक्शन डीबगरमधून चालवून उत्तर काढायचा मोह तर टाळावाच. त्या फंक्शनला लागणारं कुलूप थांबलेल्या टास्ककडे असेल तर दोघेही कायमचे अडकतात.

जाता जाता एक इशारा. या प्रोटोकॉलमध्ये पासवर्ड नाही, सांकेतिकीकरण नाही. क्यूईएमयूचं १२३४ क्रमांकाचं डीबग पोर्ट नेटवर्कवर उघडं टाकलं तर जो पोचेल त्याला आतल्या यंत्राची सगळी मेमरी वाचता येते, बदलताही येते.

आता किल्ली कोणाकडे

सुरुवातीच्या बोर्डाकडे परत येऊ. फ्रीआरटीओएसमध्ये सेमाफोर आणि म्युटेक्स हे आतून क्यूच असतात, आणि या क्यू कुठल्याही एका मध्यवर्ती यादीत ओवलेल्या नसतात. त्यामुळे ‘सगळे म्युटेक्स दाखव’ ही मागणी पुरीच करता येत नाही. यासाठी कर्नलमध्ये नावांची एक नोंदवही आहे. त्यात तुम्ही आपण होऊन क्यू नोंदवायचा, आणि ती वही फक्त डीबगरसाठीच आहे. आपल्या बोर्डावर कोणी काही नोंदवलेलं नाही. मग अडकलेल्या टास्कपासून मागे जायचं.

गप्प झालेला टास्क स्थगितांच्या यादीत सापडतो. हे बघून ‘याला कोणीतरी मुद्दाम स्थगित केलं’ असं वाटेल, पण घाई नको. अनंत काळ वाट बघायला तयार असलेल्या टास्कलाही फ्रीआरटीओएस त्याच यादीत टाकतो. फरक टीसीबीतल्या दुसऱ्या दुव्यात असतो. तिथे ‘कुठल्या यादीत’ हा शब्द शून्य असेल तर बहुधा खरोखर स्थगित, आणि एखादा पत्ता असेल तर कशाची तरी वाट बघतोय. इथे पत्ता आहे.

तो पत्ता म्हणजे क्यूच्या पोटातली ‘घेण्यासाठी थांबलेल्यांची’ यादी. सध्याच्या आवृत्त्यांमध्ये, ३२ बिटांवर, ती क्यूच्या आरंभापासून ३६व्या बाइटवर असते. आधीचे चार शब्द १६ बाइटांचे आणि ‘देण्यासाठी थांबलेल्यांची’ यादी २० बाइटांची. ३६ वजा केले की क्यूचा आरंभ. तिथला पहिला शब्द शून्य, म्हणजे हा म्युटेक्स. ८व्या बाइटवर धारकाच्या, म्हणजे किल्ली असलेल्या टास्कच्या, टीसीबीचा पत्ता. त्यात ५२ मिळवले की नाव.

लिनक्समध्ये हेच करताना आणखी एक खोच आहे. म्युटेक्सच्या मालकाच्या पत्त्याचे शेवटचे तीन बिट कर्नल स्वतःच्या खुणांसाठी वापरतो. ते शून्य केल्याशिवाय तो पत्ता मालकाचा नसतो.

आपल्या बोर्डावर नावाच्या जागी वाचता न येणारी अक्षरं येतात. ५२चा आकडा चुकला म्हणावं, तर बाकी सगळ्या टास्कची नावं त्याच आकड्याने स्वच्छ दिसताहेत. मग यादी पुन्हा चाळायची, या वेळी पत्ते लावून. कर्नलच्या मोजणीत टास्क आता सहाच आहेत, आणि धारकाचा पत्ता त्या सहांपैकी कोणाचाच नाही. किल्ली घेऊन बसलेला टास्क मधल्या काळात डिलीट झालाय. फ्रीआरटीओएस टास्क डिलीट करताना त्याच्याकडचे म्युटेक्स सोडवत नाही. त्याच्या टीसीबीची मेमरी मोकळी झाली, तिथे दुसराच डेटा आला, आणि म्युटेक्स अजून त्या जुन्या पत्त्याकडे बोट दाखवून उभा आहे. आता सोर्समध्ये शोधायच्या ओळी मोजक्याच, जिथे जिथे टास्क डिलीट करण्याचं फंक्शन बोलावलंय तेवढ्या.